किती वाजता दिसला हा धूमकेतू?



थंडीच्या दिवसांत रात्रीची जेवणे आटोपल्यावर अंगणात किंवा गच्चीवर जा आणि मान वर करा. जवळजवळ डोक्यावरच चिमुकल्या ताऱ्यांचा एक झुबका तुम्हाला दिसेल. या कृत्तिका. कार्तिक महिन्याला नाव मिळाले ते यांच्यावरूनच, कारण त्या महिन्याच्या पौर्णिमेचा चंद्र कृत्तिकांच्या आसपास असतो. साध्या डोळ्यांना यात सहा तारे सहज मोजता येतात. नजर तीक्ष्ण असेल आणि आकाश काळेभोर असेल, तर सात किंवा त्याहूनही अधिक.

१६ डिसेंबर २०१८ च्या रात्री या कृत्तिकांच्या शेजारी एक पाहुणा आला होता. फिकट, धुरकट आणि गोल. छायाचित्रात त्याचा रंग पाचूसारखा हिरवा उमटत होता. हा विर्टानेन नावाचा धूमकेतू. कृत्तिका आणि रोहिणी यांच्या मधून तो उत्तरेकडे चालला होता. आम्ही काही आकाशवेडी मंडळी त्या रात्री घाटमाथ्यावरच्या एका माळावर कॅमेरे लावून बसलो होतो.

पुढे काही दिवसांनी मी ते छायाचित्र एका शाळेत दाखवले. डाव्या बाजूला हिरवा धूमकेतू, त्याच्या अगदी निकट निळ्या धुक्यात गुरफटलेल्या कृत्तिका. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मग मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि तिने विचारले, “सर, धूमकेतू या जागी नेमका किती वाजता होता?”

साधा प्रश्न! पण मी गडबडलो. मला उत्तर देता येईना. का देता येईना, ते पुढे सांगतोच. पण त्यासाठी आधी या दोन शेजाऱ्यांची नीट ओळख करून घ्यायला हवी.

शेजार कसला नि अंतर कसले!

धूमकेतू म्हणजे बर्फ, धूळ आणि खडक यांचा गोळा. विर्टानेनचा गोळा लहानच आहे. त्याचा व्यास जेमतेम सव्वा किलोमीटरच्या आसपास, म्हणजे एखाद्या टेकडीएवढा. सुमारे ५.४ वर्षांत तो सूर्याभोवती एक फेरी पुरी करतो. सूर्याजवळ आला की उन्हाने त्याच्यातल्या बर्फाची वाफ होते. ही वाफ आणि तिच्याबरोबर उडालेली धूळ गोळ्याभोवती पसरते आणि त्याला एक भलेमोठे विरळ आवरण मिळते. डिसेंबर २०१८ मध्ये हे आवरण सुमारे दोन लाख किलोमीटर रुंद दिसत होते. गुरू ग्रहाहूनही मोठे! टेकडीएवढ्या गोळ्याचा हा पसारा.

त्याचा हिरवा रंग कोठून आला? कार्बनचे दोन अणू जोडून झालेला एक रेणू या आवरणात असतो. त्याच्यावर सूर्यप्रकाश पडला की तो हिरवा प्रकाश देतो. पण हाच सूर्यप्रकाश काही काळाने त्या रेणूचे तुकडेही करतो. म्हणून धूमकेतूचे डोके हिरवे दिसते, पण शेपटी कधी हिरवी नसते. रेणू शेपटीपर्यंत पोचेतो शिल्लकच राहत नाही. हे नेमके कसे घडते, ते २०२१ साली ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे प्रयोगशाळेत दाखवून देण्यात आले.

आता कृत्तिकांकडे वळू. छायाचित्रात त्यांच्याभोवती जे निळे धुके दिसते, त्याला तेजोमेघ म्हणतात. हा मेघ पाण्याचा नाही. तो अत्यंत बारीक धुळीचा आणि वायूचा आहे. त्याला स्वतःचा उजेड नाही. कृत्तिकांच्या ताऱ्यांचा प्रकाश धुळीवर पडतो आणि विखुरतो, म्हणून तो दिसतो. बारीक कण निळा प्रकाश अधिक विखुरतात, म्हणून तो निळा दिसतो. पूर्वी शास्त्रज्ञांना वाटे की, ज्या ढगातून हे तारे जन्मले, त्याच ढगाचा हा उरलासुरला भाग असावा. परंतु कृत्तिकांचे वय सुमारे दहा कोटी वर्षे आहे, आणि जन्माच्या वेळचा ढग इतका काळ टिकून राहत नाही. आता असे मानले जाते की, अवकाशात फिरता फिरता हे तारे एका परक्या ढगातून चालले आहेत. म्हणजे कृत्तिका आणि त्यांचा तेजोमेघ हेदेखील वाटेत भेटलेले प्रवासीच.

गंमत अशी की, आपल्या प्राचीन वाङ्मयात कृत्तिकांच्या ताऱ्यांची जी नावे आहेत, त्यांत अभ्रयंती, मेघयंती आणि वर्षयंती अशी तीन नावे आहेत. अभ्र आणि मेघ दोन्ही आले! पण त्यावरून प्राचीन लोकांना हा तेजोमेघ ठाऊक होता, अशी उडी मारू नका. ती नावे पावसाच्या ढगांची आहेत. हा तेजोमेघ साध्या डोळ्यांना दिसत नाही.

आता अंतरे पाहा. १६ डिसेंबरला विर्टानेन आपल्यापासून सुमारे १ कोटी १६ लाख किलोमीटरवर होता, म्हणजे चंद्राच्या तीसपट अंतरावर. तेथून निघालेला प्रकाश आपल्यापर्यंत ३९ सेकंदांत येतो. आणि कृत्तिका? तेथून प्रकाश यायला सुमारे ४४० वर्षे लागतात. त्या रात्री आमच्या कॅमेऱ्यात शिरलेला कृत्तिकांचा प्रकाश जेव्हा निघाला, तेव्हा शिवाजी महाराजांच्या जन्माला अजून पन्नासएक वर्षे अवकाश होता!

हिशेब करून पाहा. धूमकेतू तुमच्या डोळ्यापासून एक मिलिमीटरवर आहे असे धरले, तर त्याच मापाने कृत्तिका सुमारे ३६० किलोमीटरवर जातील. तुमचा डोळा मुंबईत असला, तर धूमकेतू पापणीच्या केसाला चिकटलेला आणि कृत्तिका जवळजवळ गोव्याच्या हद्दीवर. छायाचित्रात मात्र दोघे शेजारी शेजारी. छायाचित्र दिशा दाखवते, अंतर दाखवत नाही, हे पक्के लक्षात ठेवा.

व्हेनिसमधील धुरकट डाग

दुर्बिणीतून पाहिले तर अंधूक धूमकेतू आणि अंधूक तेजोमेघ एकसारखेच दिसतात. दोन्ही म्हणजे धुरकट डाग. मग ओळखायचे कसे?

१८५९ सालची गोष्ट. इटलीतील व्हेनिस शहरात विल्हेल्म टेंपल नावाचा एक जर्मन कारागीर राहत होता. त्याचा धंदा शिळाप्रेसवर चित्रे छापण्याचा. विद्यापीठाचे शिक्षण नाही, वेधशाळेत नोकरी नाही. पण पदरमोड करून त्याने चार इंच व्यासाची एक उत्तम दुर्बीण घेतली होती, आणि एका जुन्या वाड्याच्या गोल जिन्यावरून तो रात्री आकाश न्याहाळीत असे. त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्याने एक नवा धूमकेतू शोधला होता.

१९ ऑक्टोबरच्या रात्री कृत्तिकांमधील मेरोपी या ताऱ्याजवळ त्याला एक फिकट डाग दिसला. टेंपलला वाटले, हा आणखी एक नवा धूमकेतू! पण तो घाईने नाचला नाही. दुसऱ्या रात्री त्याने पुन्हा दुर्बीण लावली. डाग होता तेथेच होता, रेसभरही सरकला नव्हता. धूमकेतू असता तर तो ताऱ्यांमधून पुढे गेला असता. तेव्हा हा धूमकेतू नव्हे, तेजोमेघ आहे, हे टेंपलने ओळखले.

पण त्याची खरी कसोटी पुढेच होती. त्याच्याहून मोठ्या दुर्बिणी असलेल्या काही नामांकित निरीक्षकांनी कृत्तिका पाहिल्या आणि म्हटले, आम्हांला तर काही दिसत नाही! कोणी म्हणे मेघ आहे, कोणी म्हणे नाही. कोणाला शंका आली की, ताऱ्याच्या झगझगीत उजेडाने डोळ्यांना होणारा हा भास असेल. हा वाद पंचवीस वर्षांहून अधिक काळ चालला. एकाचा डोळा दुसऱ्याला उसना देता येत नाही, ही खरी अडचण होती.

ती अडचण सोडवली छायाचित्राने. १८८५ साली पॅरिसच्या वेधशाळेतील आंरी बंधूंनी घेतलेल्या काचेच्या छायाचित्रपट्टीवर माया या ताऱ्याभोवती, कोणाच्याही डोळ्यांना पूर्वी न दिसलेला मेघ उमटला. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये आयझॅक रॉबर्ट्स यांनी बराच वेळ प्रकाश साठवून छायाचित्र घेतले, तेव्हा मेघ एकाच ताऱ्याजवळ नसून कृत्तिकांना वेढून आहे, हे स्पष्ट झाले. टेंपलचा डाग खरा ठरला. पुढे १९१२ साली अमेरिकेतील व्हेस्टो स्लायफर यांनी मेघाच्या प्रकाशाचा वर्णपट घेतला. तो थेट जवळच्या ताऱ्यांच्या वर्णपटासारखाच निघाला. म्हणजे मेघाचा उजेड उसना, ताऱ्यांकडून घेतलेला, हेही कळले.

टेंपलने वापरलेली युक्ती लक्षात आली ना? दुसऱ्या रात्री पुन्हा पाहणे. तारे आणि तेजोमेघ आपापल्या जागा सोडत नाहीत. ते जणू घड्याळाची तबकडी. धूमकेतू त्या तबकडीवरून सरकतो. तो काटा. काटा कोणता आणि तबकडी कोणती, हे एकदाच पाहून कळत नाही. थोडे थांबून पुन्हा पाहावे लागते.

सूर्याच्या मागे चाक फिरवणारा मुलगा

आता छायाचित्र घेण्यातली मेख सांगतो. एस.टी.च्या खिडकीशी तुम्ही बसला आहात. दूर डोंगर आहे आणि रस्त्याने एक सायकलवाला बसच्या दिशेनेच चालला आहे. कॅमेरा डोंगरावर स्थिर धरला, तर सायकलवाला फरकटतो. सायकलवाल्याबरोबर कॅमेरा फिरवला, तर डोंगर फरकटतो. दोघेही रेखीव हवे असतील, तर चित्र क्षणार्धात घ्यावे लागेल. पण आकाशात क्षणार्धात काहीच उमटत नाही. तेजोमेघ इतका अंधूक असतो की, त्याचा प्रकाश मिनिटेच्या मिनिटे, कधी तासन्‌तास साठवावा लागतो. तोवर धूमकेतू पुढे निघून गेलेला असतो.

या अडचणीशी झुंजलेल्यांत एडवर्ड बार्नार्ड यांचे नाव फार मोठे आहे. अमेरिकेतील नॅशव्हिल शहरात १८५७ साली त्यांचा जन्म झाला. जन्मापूर्वीच वडील वारलेले, घरी अठराविश्वे दारिद्र्य. नऊ वर्षांचे होण्याच्या सुमारास ते एका छायाचित्रकाराच्या दुकानात कामाला लागले. त्या काळी विजेचे दिवे नव्हते. छायाचित्र मोठे करण्याचे अवजड यंत्र दुकानाच्या छपरावर ठेवलेले असे आणि ते सूर्यप्रकाशावर चाले. सूर्य सरकेल तसतसे यंत्र हाताने चाके फिरवून सूर्याकडेच रोखून धरायचे, हे या पोराचे काम. दिवसचे दिवस!

मोठेपणी बार्नार्ड कॅलिफोर्नियातील लिक वेधशाळेत गेले, आणि तेच काम त्यांनी ताऱ्यांसाठी केले. थंडीच्या रात्री दुर्बिणीला डोळा लावून, एक तारा तारांच्या फुलीवरून ढळू न देता ते तास न्‌ तास बसत. १२ ऑक्टोबर १८९२ रोजी त्यांनी घेतलेल्या आकाशगंगेच्या एका छायाचित्रात सारे तारे ठिपक्यांसारखे रेखीव आले होते. पण एक अंधूक डाग मात्र लांबट झाला होता. सगळे स्थिर असताना एकटाच सरकला, तो कोण? धूमकेतू! छायाचित्रावरून शोध लागलेला हा जगातील पहिला धूमकेतू. तो पुढे हरवला, आणि तब्बल ११६ वर्षांनी, २००८ साली, पुन्हा सापडला.

आपला विर्टानेनही असाच सापडला. १७ जानेवारी १९४८ रोजी लिक वेधशाळेतच कार्ल विर्टानेन ताऱ्यांच्या अतिसूक्ष्म हालचाली शोधण्यासाठी घेतलेली छायाचित्रे तपासत होते. त्यांत हा मोठी हालचाल करणारा पाहुणा मिळाला. आणि पुढच्याच वर्षी, २ जुलै १९४९ रोजी, अमेरिकेत हार्वर्ड येथे शिकत असलेल्या एका भारतीय तरुणाला छायाचित्रपट्टीवर एक नवा धूमकेतू आढळला. हे वेणू बाप्पू. बाप्पू–बॉक–न्यूकर्क या धूमकेतूच्या नावात त्यांचे नाव आहे, आणि तमिळनाडूतील कावलूरची वेधशाळा ही त्यांचीच उभारणी.

माळावरची रात्र

आता आमच्या माळावर चला. त्या रात्री आकाशात शुक्ल पक्षातील नवमीचा चंद्र होता. चांदण्यात तेजोमेघ पार धुऊन जातो. म्हणून चंद्र मावळेपर्यंत थांबणे भाग होते. रात्रीचा एक वाजून गेल्यावर चंद्र खाली गेला आणि आकाश एकदम खोल झाले. साध्या डोळ्यांना धूमकेतू म्हणजे नुसता धुराचा पुंजका, तोही नजर थोडी बाजूला वळवली तरच दिसणारा.

कॅमेरा नुसत्या तिपाईवर ठेवला, तर काय होते? पृथ्वी स्वतःभोवती फिरते, म्हणून सारे आकाश दर मिनिटाला सुमारे १५ कला सरकताना दिसते. (एका अंशाच्या साठ कला आणि एका कलेच्या साठ विकला. पूर्ण चंद्राचे बिंब सुमारे ३० कला रुंद असते.) म्हणजे दोन मिनिटांत आकाश चंद्रबिंबाएवढे सरकते. म्हणून आम्ही कॅमेरा एका फिरत्या बैठकीवर बसवला होता. तिचा आस ध्रुवताऱ्याच्या दिशेने रोखायचा असतो. मग मोटर ती बैठक पृथ्वीच्या उलट दिशेने, पृथ्वीच्याच गतीने फिरवते आणि तारे कॅमेऱ्याला स्थिर वाटू लागतात. बार्नार्ड यांच्या हातातली चाके आता मोटरच्या हाती आली आहेत, एवढेच.

पृथ्वीची गती अशी रद्द झाली. उरली धूमकेतूची स्वतःची गती. तो ताऱ्यांमधून दिवसाला सुमारे चार अंश सरकत होता. म्हणजे तासाला दहा कला, मिनिटाला दहा विकला. आमच्या १३५ मिलिमीटरच्या भिंगातून एका मिनिटात तो चित्रावर जेमतेम दोन ठिपक्यांएवढा हलत होता. तेवढे चालते. म्हणून एकेक मिनिटाची साठ छायाचित्रे घ्यायची, असे ठरवले.

पहिली दहा वाया गेली. डिसेंबरचे दव भिंगावर कधी जमले ते कळलेच नाही, आणि सगळ्या चांदण्या दुलई पांघरल्यासारख्या दिसू लागल्या. भिंग पुसले, त्याला कापडाची पट्टी गुंडाळली आणि दीड वाजता पुन्हा सुरुवात केली. अडीचपर्यंत साठ छायाचित्रे झाली. तारीख अर्थातच १७ उजाडली होती.

दोन बेरजा

एका मिनिटाच्या एका छायाचित्रात तेजोमेघ दिसतो का? नावालाच. चित्रावर बारीक कणांची खरखर इतकी असते की, खरा उजेड कोणता आणि खरखर कोणती, हे समजत नाही. येथे गणित मदतीला येते. वर्गातल्या चाळीस जणांनी एकाच बाकाची लांबी मोजली, तर प्रत्येकाची थोडीथोडी चूक होईल. कोणाची जास्त, कोणाची कमी. पण सर्वांची सरासरी काढली की या चुका एकमेकींना पुष्कळशा खाऊन टाकतात. छायाचित्रांचेही तसेच. शंभर छायाचित्रांची सरासरी काढली तर खरखर दहापट कमी होते. साठांची काढली तर जवळजवळ आठपट.

पण सरासरी काढताना चित्रे एकावर एक कशी ठेवायची? ताऱ्यांवर तारे ठेवले, तर कृत्तिका आणि तेजोमेघ सुरेख येतात. पण धूमकेतू साठ जागी असल्यामुळे त्याची दहा कला लांबीची, म्हणजे चंद्रबिंबाच्या तिसऱ्या हिश्शाएवढी, हिरवी रेघोटी होते. उलट धूमकेतूच्या डोक्यावर डोके ठेवले, तर धूमकेतू रेखीव येतो, आणि तारे मण्यांच्या माळांसारखे लांबतात. म्हणून दोन वेगळ्या बेरजा करतात. एक ताऱ्यांची, एक धूमकेतूची. मग पहिल्या बेरजेतून धूमकेतूची रेघोटी पुसतात, दुसरीतून ताऱ्यांच्या माळा पुसतात, आणि दोन्ही चित्रे एकत्र करतात. हे सारे काम आता संगणकावर होते. मासिकांत तुम्ही धूमकेतू आणि तेजोमेघ यांची जी देखणी छायाचित्रे पाहता, त्यांतली बरीचशी अशी तयार झालेली असतात.

आता माझी चूक सांगतो. खऱ्या आकाशात धूमकेतू आणि कृत्तिका यांच्यात सुमारे चार अंशांचे, म्हणजे आठ पूर्ण चंद्र ओळीने मावतील एवढे अंतर होते. चित्रात मधला भाग ओका ओका वाटत होता. दोन्ही चित्रे एकत्र करताना धूमकेतूचे चित्र हवे तेथे सरकवता येते. मला मोह झाला. मी ते कृत्तिकांच्या जवळ ओढले. अर्धेअधिक अंतर खाऊन टाकले. चित्र लगेच खुलून दिसू लागले. कोणाचे काय बिघडले, असे मी मनाशी म्हटले.

आणि मग त्या मुलीने विचारले, “किती वाजता?”

मित्रांनो, खऱ्या चित्रात धूमकेतूची प्रत्येक जागा ही एक वेळ असते. मिनिटाला दहा विकला या हिशेबाने कोणीही जाणकार ताऱ्यांमधली त्याची जागा मोजून सांगू शकला असता की, हे चित्र दोन वाजताचे आहे. माझ्या चित्रातल्या जागी धूमकेतू एक वाजता नव्हता, दोन वाजता नव्हता. त्या रात्री नव्हता, आणि इतर कोणत्याही रात्री नव्हता. मी घड्याळाचा काटाच उपटून भलतीकडे खोचला होता. दोन बेरजा करणे ही लबाडी नव्हती. ती तर डोळ्यांना न दिसणारे दाखवण्याची युक्ती. लबाडी होती ती काटा हलवण्यात. टेंपलने एका डागाची जागा बदलत नाही एवढ्यावरून सत्य शोधले. बार्नार्ड यांनी एका डागाची जागा बदलली एवढ्यावरून शोध लावला. आणि मी ती जागाच खोटी केली होती.

“या जागी तो कधीच नव्हता,” मी त्या मुलीला सांगितले. वर्ग शांत झाला. मग दुसऱ्या एका मुलाने विचारले, “मग खरे चित्र कोठे आहे?” ते मी घरी जाऊन नव्याने तयार केले आणि शाळेला पाठवले. त्यात धूमकेतू एका कडेला आहे आणि कृत्तिका दुसऱ्या कडेला. मध्ये बरेच काळे आकाश आहे. खाली लिहिले आहे: १७ डिसेंबर २०१८, पहाटे दोन वाजताची जागा, एकेक मिनिटाची साठ छायाचित्रे, तारे आणि धूमकेतू वेगवेगळे जुळवून एकत्र केले. चित्र थोडे कमी देखणे आहे. पण त्याला आता वेळ आहे.

धूमकेतू नाही? मग चंद्र आहे!

विर्टानेन पुढे गेला. २३ डिसेंबरला तो ब्रह्महृदय या ठळक ताऱ्याजवळ पोचला आणि मग अंधूक होत गेला. तो दर फेरीला इतका जवळ येत नाही. २०२४ सालच्या फेरीत तो सूर्याच्या पलीकडल्या अंगाला होता, त्यामुळे आपल्याला त्याचे दर्शन नीट घडले नाही. धूमकेतू कोणासाठी थांबत नाही. युरोपचे रोझेटा अवकाशयान आधी याच विर्टानेनकडे जायचे होते. २००३ च्या जानेवारीत ते निघणार होते. पण त्याआधीच्या महिन्यात त्याच जातीच्या एका अग्निबाणाला अपघात झाला आणि उड्डाण पुढे ढकलावे लागले. तोवर विर्टानेनला गाठण्याची वेळ टळली होती. अखेर २००४ साली यान निघाले, ते दुसऱ्याच धूमकेतूकडे!

पण तुम्ही वाट पाहत बसू नका. काट्याचा आणि तबकडीचा हा प्रयोग तुम्हाला जवळजवळ दर महिन्याला करता येतो. चंद्र दर २७ दिवसांनी कृत्तिकांच्या जवळून जातो. आपल्या पंचांगातली २७ नक्षत्रे म्हणजे दुसरे काय? ती आकाशाची तबकडी, आणि चंद्र तिच्यावरचा काटा. “आज चंद्र कृत्तिका नक्षत्रात आहे,” असे पंचांग म्हणते, तेव्हा ते काटा कोठे आहे तेच सांगत असते.

पंचांगात तो दिवस शोधा. हिवाळ्याचे महिने सर्वांत सोयीचे. घरातल्या वडील माणसांना सांगून, शक्य असेल तर त्यांनाच बरोबर घेऊन, दिव्यांपासून दूर अशा जागी जा. विजेरीला लाल जिलेटीनचा कागद बांधा, म्हणजे डोळे दिपणार नाहीत. कोऱ्या कागदावर कृत्तिका, रोहिणी आणि चंद्र यांच्या जागा काढा. बाजूला घड्याळात पाहून वेळ लिहा. एक तासाने पुन्हा काढा, दोन तासांनी पुन्हा. चंद्र तासाला स्वतःच्या बिंबाएवढा पूर्वेकडे सरकलेला दिसेल.

कॅमेरा असेल तर तो तिपाईवर पक्का बसवा. ५० मिलिमीटरचे भिंग असेल, तर पाच-सहा सेकंदांपेक्षा जास्त वेळ उघडे ठेवू नका, नाही तर तारे लांबतील. एखाद्या ठळक ताऱ्यावर रोखून तो टाचणीच्या टोकाएवढा बारीक दिसेपर्यंत भिंग जुळवा. बटण बोटाने दाबू नका, कॅमेरा हादरतो. दोन सेकंदांनी आपोआप उघडण्याची सोय वापरा. अधूनमधून भिंगावर दव आले नाही ना, ते पाहा. आमच्यासारखे विसरू नका. काळोख्या रात्री अशी पन्नास-शंभर छायाचित्रे घेऊन त्यांची सरासरी काढलीत, तर कृत्तिकांभोवती धुक्याची पुसट छटा तुम्हालाही पकडता येईल. टेंपलच्या डोळ्यांवर ज्यांचा विश्वास बसला नाही, त्यांना जे दिसले नाही, ते तुमच्या हाती येईल.

आणि काहीही काढा, चित्र असो की छायाचित्र, त्याच्या कोपऱ्यात तारीख, वेळ आणि ठिकाण लिहायला विसरू नका. उद्या कोणीतरी मागच्या बाकावरून उभे राहून विचारील, “किती वाजता?” तेव्हा तुमच्याजवळ उत्तर असायला हवे.